एक्केचाळीस आणि बेचाळीसच्या मध्ये

ही हकिकत खरी आहे. पदरचं काही घालणार नाही, कारण शेवटच्या भागाला मी स्वतः हजर होते. आधीचा भाग हाइड्रून कुनाटने सांगितला, आणि ही बाई गप्पांतसुद्धा चाललेलं अंतर वाढवून सांगत नाही.

रात्र नव्हती. दुपारचे पावणेदोन वाजले होते. मंगळवार, बारा नोव्हेंबर २०१९. जागा, आमच्या गावामागच्या कावळकड्याची शिडीवाट.

सॅक्सनीच्या दक्षिणेला, चेक सीमेलगतच्या आमच्या डोंगरांत अशा वाटा पुष्कळ आहेत. डोंगर बुटके, जंगल दाट, आणि मध्येच वालुकाश्माचा कडा आडवा आला की त्यात ठोकलेल्या लोखंडी पायऱ्या. कावळकड्यावर अशा चौसष्ट आहेत. प्रत्येकीशेजारी पितळी बिल्ला, त्यावर तिचा क्रमांक.

हाइड्रून बावीस वर्षं या वाटेची राखणदार होती. काम बिनपगारी. पडलेली झाडं तोडायची, खुणा रंगवायच्या, आणि दर तीन वर्षांनी पायऱ्यांची मोजणी करायची.

मोजणीची रीत जुनी. एकाने चढताना मोजायचं, दुसऱ्याने उतरताना. आकडे जुळले तरच दोघांनी सही करायची.

आजवर सगळे बिल्ले वाचूनच मोजायचे, पण त्या वर्षी वनकचेरीचं पत्र आलं होतं, एकेका पावलाने मोजा. एकोणतीस नोव्हेंबरपर्यंत जुळता तक्ता आला नाही, तर वाट बंद. डिसेंबरात पायऱ्या कापून नेणार.

पायऱ्या गेल्या की आमचं गायकमंडळही गेलंच. नाताळाआधी, अ‍ॅडव्हेंटच्या पहिल्या रविवारी कावळकड्याच्या माथ्यावर जाऊन गायचं, हे आमच्या आजोबांच्या वेळेपासून चालत आलेलं. शिडीवाटेने पाऊण तास लागतो. जंगलरस्त्याने अडीच. मंडळातल्या माणसांचं सरासरी वय पासष्ट. आमच्या गुडघ्यांना पायऱ्या चालतात, अंतर चालत नाही.

"वाट मी राखीन," असा शब्द हाइड्रूनने सगळ्यांदेखत दिला होता.

त्या मंगळवारी तिच्याबरोबर लोथार फ्युसेल होता. तिच्याच वर्गातला, आयुष्यभर बेकरी चालवलेला, तोंडाने सैल आणि मनाने चांगला. चढताना त्याने मोजलं. चौसष्ट.

उतरताना हाइड्रूनने मोजलं. खाली पोचून तिने हातमोजे काढले.

"पासष्ट," ती म्हणाली.

"चौसष्ट."

"पासष्ट, लोथार."

"शाळेत तू माझी गणितं उतरवायचीस, तेव्हापासून मला शंका होती."

"तू माझी उतरवायचास. म्हणून तर पास झालास."

ती दोघं पुन्हा चढली. या वेळी ती चढताना मोजत होती. चौसष्ट. लोथार उतरताना मोजत होता. खाली आल्यावर तो थर्मासचं झाकण उघडत बसला. बराच वेळ बसला.

"बोल की."

"पासष्ट," तो म्हणाला. "पण माझं लक्ष नव्हतं."

तिसऱ्यांदा चढायला उजेड उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला. तीन दिवस लागून राहिला. आमच्याकडे पावसानंतर दोन दिवस कड्याला हात लावत नाहीत. ओला वालुकाश्म कॉफीत बुडवलेल्या बिस्किटासारखा तुटतो. म्हणजे पाच दिवस गेले. हाइड्रून स्वयंपाकघरात बसून खिडकीवरचं पाणी बघत राहिली. तक्ता टेबलावर होता. त्यातला एकच चौकोन रिकामा होता.

तिने कचेरीला फोन केला.

"पायऱ्या आहेत तितक्या लिहायच्या, फ्राउ कुनाट," तिकडचा साहेब म्हणाला. "यात अडचण कसली?"

"अडचण ही की वर जाताना त्या एक आहेत आणि खाली येताना दुसऱ्या."

"मग सहकारी बदलून बघा."

तिने फोन ठेवला. फार जपून ठेवला, आपटला नाही. तिची चिडण्याची पद्धत तीच आहे.

सोमवारी, अठरा तारखेला, ती लाल लोकरीचे चौसष्ट धागे कापून घेऊन आली. चढताना प्रत्येक पायरीला एक धागा. हातात एकही उरला नाही. माथ्यावर ती म्हणाली, "आता बघू."

उतरताना ती प्रत्येक पायरीचा धागा सोडून खिशात टाकत गेली. तोंडाने पावलं मोजत गेली.

खाली आल्यावर तिने खिसा रिकामा केला. धागे चौसष्ट.

पावलं पासष्ट.

"धागे चौसष्ट ना? मग चौसष्ट लिही आणि घरी चल," लोथार म्हणाला. "माझ्या पायांची बोटं गोठली."

"मी उतरताना पासष्ट पायऱ्यांवर उभी राहिले. मग चौसष्ट कसं लिहू?"

"कागद आहे तो, हाइड्रून. बायबल नव्हे."

"ज्या कागदाच्या भरवशावर माणसं पाय ठेवतात, त्यावर खोटं लिहायचं नाही."

हे तिच्या वडिलांचं वाक्य. या वाटेच्या निम्म्या पायऱ्या त्यांनीच ठोकल्या होत्या.  लोथारने उसासा टाकून बुटांच्या नाड्या पुन्हा आवळल्या.

या वेळी तिने आकडे मोजलेच नाहीत. नुसतं पायांकडे लक्ष ठेवून ती उतरत आली.

बिल्ले मागे पडत गेले. पन्नास... पंचेचाळीस... त्रेचाळीस...

एक्केचाळीस आणि बेचाळीसच्या मधला टप्पा लांब आहे. तिथे कडा दुभंगून अरुंद नाळ झाली आहे आणि आतला दगड इतका भुसभुशीत की लोखंड धरत नाही. चढताना तिथे सगळे कुरकुरतात. हात ताणावा लागतो, ढोपर खरचटतं. तिथे शिरलं की खालच्या ओढ्याचा आवाजही बंद होतो.

बेचाळीसवरून तिने डावा पाय खाली सोडला.

आणि पाय टेकला...

हवा होता तिथेच. एक्केचाळीसच्या हातभर वर.

ती थांबली. नाळ इतकी अरुंद की मान वाकवून खाली बघता येत नव्हतं. पायाखालचं जे काही होतं ते लोखंडासारखं ताठ नव्हतं. तिचं वजन पडताच ते किंचित दबलं... आणि मग सावरून स्थिर झालं.

जसं ओझं तोलताना माणूस गुडघे वाकवून पुन्हा सरळ करतो.

मग तिला ऐकू आलं. अगदी जवळ. नाकातून सोडलेला श्वास.

"हं..."

"लोथार?"

"काय?" त्याचा आवाज वरून आला. फार वरून.

ती एक्केचाळीसवर उतरली आणि मघाशी पाय होता त्या जागी तिने तळहात ठेवला. ऊन न पोचणाऱ्या त्या नाळेत सगळा कातळ ओलसर, बर्फासारखा गार होता. तेवढी वीतभर जागा कोरडी होती.

आणि उबदार...

दुसऱ्या दिवशी दुपारच्या कॉफीला ती हिल्डे मावशीकडे गेली. हिल्डेगार्ट झाइबिश आमच्या मंडळातली सगळ्यांत जुनी बाई, वय अठ्ठ्याऐंशी. स्टॉलन, नाताळचा सुक्या मेव्याचा केक, भाजून तयार होता, पण अ‍ॅडव्हेंट लागल्याशिवाय मावशी तो कापत नाही. तिने साधा केक पुढे ठेवला आणि हाइड्रूनचं सगळं ऐकून घेतलं. 

"तिथे खांदा असायचा," मावशी म्हणाली.

"कोणाचा?"

"कोणाचाही. लोखंड बसत नाही अशा जागी आम्ही माणूस उभा करायचो. एकाने एक्केचाळीसवर पाय रोवून नाळेत पाठ टेकायची. बाकीच्यांनी त्याच्या खांद्यावर पाय ठेवून उतरायचं. सगळ्यांत शेवटी उतरणाऱ्याने तळाशी पोचून हाक द्यायची, 'सगळे खाली'. हाक येईपर्यंत खांदेकऱ्याने हलायचं नाही. वर कोणी उरलं असेल, आणि त्याने पाय सोडला नि खाली खांदा नसेल, तर?"

"मग?"

"अडुसष्ट सालचा ऑक्टोबर. दाट धुकं आणि वर पाऊस. खांद्याला माझा दीर होता, एरेनफ्रीड. दगडफोड्या, तेविशीचा, बैलासारखा. आम्ही उतरलो, भिजलो होतो, पळत खानावळीत गेलो. शेवटी मी आणि तुझा बाप होतो." मावशीने कप खाली ठेवला. "हाक कोणीच दिली नाही. मला वाटलं, मागचा देईल."



"खानावळीत डोकी मोजली. एक कमी भरलं. एरेनफ्रीडच. कंदील घेऊन परत जाईतो तीन तास झाले होते. तो तळाशी पडला होता. पण एक्केचाळीसवर त्याच्या बुटांच्या खिळ्यांचे दोनच ओरखडे होते, खोल. तीन तास पोराने पाय हलवला नव्हता. पेटके येऊन कोसळला असेल."

"बाबा मला कधी बोलले नाहीत."

"तुझ्या बापाने पुढच्या वसंतात तिथे सात वेळा पायरी ठोकून बघितली. सातही वेळा निसटली." मावशीने केकची बशी तिच्याकडे सरकवली. "खा. वाळलास... वाळलीस तू. बोलताना तुझा बापच दिसतो मला."

परत पाऊस आला. तो सव्वीस तारखेपर्यंत चालला. बुधवारी, सत्तावीसला, दगड अजून पुरता सुकला नव्हता. पण पुढचे दोन दिवस पुन्हा पावसाचे सांगितले होते आणि शुक्रवार हा शेवटचा दिवस होता.

"ओल्यावर चढायचं?" लोथार म्हणाला. "तूच पोरांना यावरून झोडपतेस."

"तक्ता तुझ्या बेकरीत भाजून निघणार आहे का? चल."

दोघं चढली. तिने मोजलं. चौसष्ट. माथ्यावर ती म्हणाली, "मी आधी उतरते. तू दहा मिनिटांनी ये आणि मोज. आज तुझा आकडा लिहायचा."

नाळेत पोचल्यावर तिने पाय सोडला. पाय टेकला. खालचं दबलं, सावरलं.

"हं..."

हाइड्रून मला म्हणाली, "कारोला, भीती वाटली असती तर बरं झालं असतं. मला संताप आला." सोळा दिवस. पाच चढाया. कचेरीतल्या त्या साहेबाचा आवाज, लोथारचे टोमणे, मंडळाला दिलेला शब्द. आणि हा इथे उभा, एका आकड्याने सगळ्याची वाट लावत. शिवाय दयाही आली, असं ती म्हणाली. एक्कावन्न वर्षं कोणी एक हाक देऊ नये?

ती भराभर तळाशी उतरली. मान वर केली. तोंडाभोवती हात धरले.

"सगळे खाली!"

आवाज कड्यावर आपटून परत आला.

मग वरून थोडी वाळू गळली... आणि ओढ्याचा आवाज आधीपेक्षा मोठा झाला.

तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. लोथार अजून वर होता.

शिडीवाटेच्या माणसांत याहून मोठी चूक नाही. कोणी वर असताना ती हाक आम्ही मुलांना खेळातसुद्धा देऊ देत नाही.

"लोथार, थांब!" ती ओरडली. "उतरू नकोस!"

तो नाळेत शिरला होता. तिला त्याचे बूट दिसले. डावा पाय खाली आला, चाळीस वर्षांच्या सवयीने जिथे टेकायचा तिथे टेकायला गेला...

तिथे काही नव्हतं.

पाय हवेत गेला. ओल्या दगडावरून त्याचं अंग घसरलं, एक हात सुटला. दुसऱ्या हाताने तो बेचाळीसला लोंबकळत राहिला. उजवा गुडघा एक्केचाळीसच्या लोखंडावर आपटला, तो आवाज तिला खालपर्यंत आला. मग शिव्या आल्या. शिव्या ऐकून तिचा जीव भांड्यात पडला.

खाली यायला त्याला अर्धा तास लागला. चेहरा पिठासारखा पांढरा.

"तिथे पायरी होती," तो म्हणाला. "तिथे नेहमी काहीतरी असतं, हाइड्रून. मी कधी विचारच केला नाही की काय."

"मोजल्यास?"

त्याने तिच्याकडे बघितलं.

"चौसष्ट," तो म्हणाला. "झालं समाधान?"

गुरुवारी तक्ता गेला. शुक्रवारी फोन आला. सगळं व्यवस्थित, वाट चालू राहील, अभिनंदन. लांब टप्प्यावर एखादी पायरी बसवू द्याल का, असं तिने विचारलं. संरक्षित कडा आहे, नवीन लोखंड मिळणार नाही, असं उत्तर आलं.

त्या संध्याकाळी तिने आम्हा सगळ्यांना एकेक करून फोन केले. प्रश्न एकच. "लांब टप्प्यावर उतरताना तुला कधी त्रास झाला?"

मी आठवून बघितलं. चढताना दरवेळी. उतरताना एकदाही नाही. सगळ्यांनी हेच सांगितलं. पन्नास वर्षांत तिथे उतरताना कोणी साधं खरचटलंही नव्हतं.

"यंदा जंगलरस्त्याने जाऊ या का?" मी विचारलं.

"निम्मे पोचणार नाहीत. आणि एकदा रस्त्याने गेलो की पुन्हा वाटेने कोणी येणार नाही. मी उभी राहते खांद्याला. तिथला आधार मी काढलाय, मीच भरून देते."

"तू त्रेसष्ट वर्षांची आहेस."

"तर मग बारीक माणसं आधी सोड."

रविवार, एक डिसेंबर. थंडी होती, पण दगड कोरडा होता. लोथार गुडघ्याला पट्टा बांधून घरी बसला होता. आम्ही वीसजण आणि हाइड्रून. माथ्यावर गायलो. दोन गाणी बरी झाली, तिसऱ्याला पुरुषांचा सूर नेहमीसारखा पडला. तीन वाजता उतरायला लागलो. हाइड्रून सगळ्यांच्या आधी दोराने नाळेत उतरली आणि एक्केचाळीसवर पाय रोवून उभी राहिली.

मी शेवटची होते. हाक द्यायचं काम माझ्याकडे.

एकेक जण खाली जात होता. प्रत्येकाबरोबर हाइड्रूनचा आवाज ऐकू यायचा. "एक." "दोन." "तीन, वोल्फ्राम, केक कमी कर." धुकं वर चढत होतं, पण उजेड भरपूर होता. माझा नंबर आला. तिच्या खांद्यावर पाय ठेवला. खांदा किंचित दबला आणि सावरला.

"वीस," ती म्हणाली.

मी एक्केचाळीस पायऱ्या उतरून तळाशी आले. सगळे थर्मास उघडून उभे होते. मी वर बघितलं. नाळेत हाइड्रून पाठ टेकून उभी होती, स्पष्ट दिसत होती. तिच्या वर कडा मोकळा होता. मी बघितला. तिथे कोणी नव्हतं.

हाक द्यायची होती.

मी दिली नाही.

मी तशीच वर बघत उभी होते. किती वेळ, सांगता येणार नाही. आणि मग मला दिसलं, हाइड्रूनचे गुडघे वाकले...

किंचित. आणि पुन्हा सरळ झाले.

तिचं तोंड हललं. तिने आकडा उच्चारला. एवढ्या उंचीवरून तो ऐकू आला नाही, पण कोणता होता ते सगळ्यांना कळलं. बोलणी थांबली.

त्यानंतर पायऱ्या वाजायला लागल्या. हलक्या, एकामागून एक. चाळीस... एकोणचाळीस... अडतीस... सावकाश, पहिल्यांदाच ही वाट उतरणाऱ्या माणसासारख्या. आम्ही वीस माणसं दिवसाउजेडी त्या लोखंडाकडे बघत उभे होतो. सगळ्यांत खालची पायरी वाजली. वोल्फ्रामने, कोणी न सांगता, एक पाऊल मागे घेऊन जागा करून दिली.

मग काही नाही.

हाइड्रून आपली आपण उतरली. हाकेची वाट तिने पाहिली नाही. ती सरळ माझ्याकडे आली. तिच्या ओठांना रंग नव्हता.

"अडुसष्टला सगळी डोकी जुळली होती," ती म्हणाली. "एरेनफ्रीड सोडून. वर कोणीच उरलं नव्हतं. मग हे कोण?"

मी वरचा मोकळा कडा पुन्हा एकदा बघितला.

"तो चुकून थांबला नव्हता, कारोला. त्याला वर कोणीतरी ऐकू येत होतं, म्हणून तो वाट अडवून उभा होता. आणि मी त्याला सांगितलं, सगळे खाली." तिने माझा हात धरला. "तू हाक का दिली नाहीस?"

मी तिला त्या दिवशी उत्तर दिलं नाही. नंतर हिल्डे मावशीकडे जाऊन तिला मात्र सांगितलं. मावशीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला. त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

मी शेवटची उतरले होते. माझ्यामागे कोणी नव्हतं, हे मला माहीत होतं. मी डोळ्यांनी बघितलं होतं.

तरी त्या क्षणी मला अगदी सहज, अगदी खात्रीने वाटलं... मागची देईल.

वाट चालू आहे. दर अ‍ॅडव्हेंटला आम्ही जातो, खांद्याला कोणीतरी उभं राहतं. शेवटी उतरायला आता कोणी तयार होत नाही, म्हणून शेवटची दोघं एकमेकांचा हात धरून खाली येतात आणि दोघंही हाक देतात.

पण जे त्या दिवशी खाली आलं, ते वोल्फ्रामने करून दिलेल्या जागेतून आमच्यामध्ये येऊन उभं राहिलं. तिथून पुढे ते कुठे गेलं, हे आमच्यापैकी कोणी अजून विचारलेलं नाही.